आयोडिनच्या थेंबाने तांदळातली कर्बोदके मोजता येत नाहीत

समाजमाध्यमांवर एक दावा सर्रास फिरतो: भातावर आयोडिनचा थेंब टाका, जो भात कमी निळा पडेल त्यात कर्बोदके कमी. जोडीला आणखी दोन गोष्टी सांगितल्या जातात. गार केलेल्या भातातली कर्बोदके नाहीशी होतात आणि बिनपॉलिशच्या तांदळात ती निम्मीच असतात. यावर विसंबून मधुमेही माणसे ताटातला भात ठरवतात, म्हणून हे खोडणे गरजेचे आहे.

"कमी निळा म्हणजे कमी कर्बोदके." तांदळातली कर्बोदके म्हणजे मुख्यतः स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. निळा रंग येतो तो त्यातल्या अमायलोज या घटकामुळे. दुसरा घटक अमायलोपेक्टिन. त्याने रंग लालसर तपकिरी येतो. चिकट तांदळात अमायलोज जेमतेम ०–२ टक्के, म्हणून तो निळा पडत नाही, पण स्टार्च त्यातही भरपूरच असतो. भात गरम असला तरी रंग फिका पडतो. लिंबू पिळले असेल तर क जीवनसत्त्व आयोडिनचा रंगच घालवते. प्रयोगशाळेत ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात आयोडिनचा रंग मोजतात खरा, पण अमायलोजसाठी.

एकूण स्टार्च मोजण्यासाठी साधारण १०० मिलिग्रॅम बारीक पीठ आधी अल्कोहोलने भिजवतात. हे टाळले तर गुठळ्या होतात, साखळी तोडणारे एन्झाइम आत पोचत नाही आणि आकडा कमी येतो. मग उकळत्या पाण्यात अल्फा-अमायलेज, ५० अंशांना अमायलोग्लुकोसिडेज ही एन्झाइमे घालायची, आणि सुटलेले ग्लुकोज मोजून ०.९ ने गुणायचे, कारण साखळी तुटताना प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू जोडला जातो. ८५ मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे ७६.५ मिलिग्रॅम स्टार्च. गुणायचे राहिले की तांदूळ उगाच बदनाम.

"गार भातात कर्बोदके उरत नाहीत." थोडा स्टार्च पचायला अवघड होतो, एवढेच. एकूण कर्बोदके तेवढीच राहतात.

"बिनपॉलिशमध्ये निम्मी." कच्च्या १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७९ ग्रॅम, बिनपॉलिशमध्ये सुमारे ७६, त्यातले साडेतीनेक ग्रॅम तंतू. त्याचा खरा फायदा या तंतूंचा. एवढा मोठा फरक बहुधा एकाचा कच्चा आणि दुसऱ्याचा शिजलेला आकडा शेजारी ठेवल्याने येतो. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळाचा भात २८० ग्रॅम झाला तर १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम कर्बोदके. पाणी जास्त पडून ३५० ग्रॅम झाला तर साडेबावीस. तांदूळ तोच, फरक पाण्याचा. म्हणून तांदूळ कोरडा तोला, सगळा भात शिजल्यावर पुन्हा तोला, आणि आपल्या ताटातला वाटा त्या प्रमाणात काढा.