पाय दुखत नाही म्हणजे पाय चांगला आहे का?

मधुमेह असलेल्यांच्या पायांविषयीचा एक संदेश गेले कित्येक महिने व्हॉट्सॲपवर फिरत आहे आणि मला तो आतापर्यंत तीन नातेवाइकांनी पाठवला. रोज सकाळी अर्धा तास अनवाणी चाला म्हणजे तळव्याच्या नसा जाग्या होतात. रात्री मीठ घातलेल्या कडक पाण्यात पाय बुडवून बसा. कुरूप झाले तर घरीच ब्लेडने काढा. पाय दुखत नसेल तर डॉक्टरांकडे पैसे घालवू नका. आणि पाय कापावा लागतो तो फक्त निष्काळजी माणसांचा, असे त्यात सांगितले आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु मी जखमांचे ड्रेसिंग करणारी परिचारिका आहे आणि या सल्ल्यांचे परिणाम मी रोज पाहते, म्हणून त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते, कारण बाकीच्या बहुतेक चुका त्यातूनच निघालेल्या आहेत. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसांना इजा होते, आणि सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत पोहोचत असल्यामुळे बधिरपणाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. काहींना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. पण नसांचा विकार झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना कसलाच त्रास जाणवत नाही. चप्पल पायातून कधी निसटली ते कळलेच नाही, असे रुग्ण सहज बोलता बोलता सांगतात, तेव्हा मी हातातले काम थांबवते. एका निवृत्त गृहस्थांच्या बुटाच्या तळातून खिळा वर आला होता आणि ते तीन दिवस तोच बूट घालून बाजारहाट करत होते. घरातल्या पुसलेल्या फरशीवर त्यांच्या एकाच पावलाचा ओलसर, पिवळट ठसा उमटतो आहे, हे त्यांच्या पत्नीने पाहिले म्हणून ते आले. मोजा जखमेला चिकटला होता. मी तो सलाइनने भिजवून सोडवत असताना ते माझ्याशी निवांत गप्पा मारत होते.

हे ज्ञान नवे नाही आणि त्याचा मोठा भाग भारतातच मिळालेला आहे. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांनी दाखवून दिले की पायाच्या जखमा मांस आपोआप सडून होत नाहीत. वेदनाच उरलेली नसल्यामुळे माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो, त्यातून त्या होतात. मधुमेहातल्या बधिर पायाचे उपचार आजही याच समजुतीवर उभे आहेत. म्हणून तपासणी दुखण्याची वाट पाहत नाही: 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तो जाणवतो का ते विचारतात, पायाच्या नाड्या पाहतात, आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून किमान एकदा झाली पाहिजे. घरीही एक चाचणी करता येते. डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचे अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच क्षणभर स्पर्श करावा. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाय डॉक्टरांना दाखवावा. आणि जखम नसतानाही एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला, तर तो दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दाखवावा, कारण आतली हाडे खचत असण्याची शक्यता असते.

आता अनवाणी चालण्याविषयी. चालणे चांगलेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण खड्यांवरून चालल्याने इजा झालेली नस जागी होत नाही. साखर आटोक्यात ठेवल्याने पुढची हानी मंदावते, एवढेच आज खात्रीने सांगता येते. बधिर तळव्याला काटा, काच किंवा तापलेली फरशी यांतले काहीच कळत नाही. आपल्याकडे नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत असते, नवस असतात, आणि त्यामागच्या श्रद्धेचा मला आदर आहे. तरीही ज्यांची संवेदना गेली आहे त्यांनी हे व्रत घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. देवळात चप्पल काढावीच लागते, तेव्हा सकाळी फरशी गार असताना जावे आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. घरात वापरायची चप्पल वेगळी ठेवावी, तिला मागे पट्टा असावा.

कडक पाण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. ज्या पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, तो भाजतो. पाणी 37 अंशांपेक्षा कमी असावे आणि ते थर्मामीटरने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाताने पाहावे. पाय भिजत ठेवल्याने कातडी आधी फुगते, मग कोरडी पडून भेगाळते. पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, टाचांना व्हॅसलीन लावावे, मात्र बेचक्यांत लावू नये.

कुरुपाचेही तसेच. ब्लेडने कापताना कुठे थांबायचे हे बधिर पाय सांगत नाही, आणि औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीतले सॅलिसिलिक ॲसिड भोवतालची चांगली कातडीही जाळते. जाड झालेल्या कातडीखाली अनेकदा आधीच व्रण, म्हणजे न भरलेली उघडी जखम, झालेला असतो. ती शिकलेल्या हातांनीच काढावी.

पाय फक्त निष्काळजी माणसांचाच कापावा लागतो, हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. तळवा रोज पाहा असे सांगणे सोपे आहे; पण मधुमेहाने नजर अधू झालेल्या, गुडघे न वाकणाऱ्या माणसाने तो पाहायचा कसा? त्याला आरसा हवा, किंवा घरातले कोणीतरी हवे. कित्येकांनी मला सांगितले आहे की दहा दहा वर्षे साखरेची गोळी चालू असताना त्यांना बूट काढायला कोणी सांगितलेच नव्हते. भाजी विकणाऱ्या एका बाईंना तळव्यावरच्या व्रणासाठी सहा आठवडे पायावर भार देऊ नका असे सांगण्यात आले होते. त्या दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केटला गेल्या, व्रण वाढला, आणि केसपेपरवर त्या ऐकत नाहीत अशी नोंद झाली. भाजीची गाडी कोण लावणार, हे त्यांना कोणीही विचारले नव्हते. पुढे भार पेलणारे प्लास्टर घातले, माल आणायला भाचा जाऊ लागला आणि त्या उंच स्टुलावर बसून विक्री करू लागल्या. तेव्हा तो व्रण भरला. असा भरलेला व्रण दर दहांपैकी सुमारे चार जणांना वर्षभरात पुन्हा होतो, म्हणून स्टूल अजून गाडीपाशीच आहे आणि त्या दर महिन्याला पाय दाखवायला येतात.