भायलो कोण ते सोडा, तो करतोय काय ते बघा

परवा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच मेसेज. 'वाड्यावर भायले फिरतात, सावध राहा.' भायले म्हणजे बाहेरून आलेले लोक. खाली ओळीने जोडलेले हात. सावध राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय, ते कोणीच लिहीत नाही. म्हणून ही पोस्ट. लांबलीय, चहा घेऊन बसा.

गेल्या एप्रिलची गोष्ट. पणजीहून येऊन तिठ्यावर बसमधून उतरले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. तिथून घर पाच मिनिटांवर, पण एका बाजूला कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि मधल्या खांबावरचा दिवा कित्येक महिने बंद. बाजूने एक स्कूटर गेली. दोघेजण, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, काचा खाली ओढलेल्या. आता खरं सांगा, वाड्यावर हेल्मेट कोण घालतं? आमचे लोक हायवेला पोलीस दिसला की घालतात आणि वळण गेलं की हँडलला अडकवतात. प्लेट काळी, पिवळ्या अक्षरांची, म्हणजे गाडी भाड्याची. तेवढ्यावरून मी काही घाबरले नाही. मोबाईलच्या नकाशामागे जाऊन भाड्याच्या गाड्या आमच्या कुळागरात कायम शिरतात. पण वाट चुकलेला माणूस थांबतो, विचारतो. हे पुढे जाऊन वळले, हळू हळू परत आले आणि न विचारताच गेले.

मी घराची वाट सोडली आणि पसरकाराच्या दुकानात शिरले. अर्धा किलो गूळ घेतला, घरात असूनही. मग त्याच्या मुलाला म्हटलं, बाबू, जरा घरापर्यंत सोबत ये. झालं, एवढीच गोष्ट. पुढे चोर पकडला वगैरे काही नाही. कदाचित बिचारे हॉटेल शोधत असतील. गुळाची मात्र मी पायस केली.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी खरोखर फटका बसला होता. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मी मिरच्या निवडतेय, फोन कान आणि खांद्यात दाबलेला, पर्स पाठीवर. ब्लेडने कापलेली पर्स घरी आल्यावर दिसली. म्हणजे मधला तासभर मी ती तशीच मिरवत होते! पैसे गेले त्याचं एवढं नाही. आजूबाजूला कोण उभं होतं ते आठवायला बसले, तर एक चेहरा आठवेना. ते जास्त लागलं.

डोळे उघडे असले म्हणजे दिसतंच असं नाही. १९९९ साली सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना व्हिडिओ दाखवला आणि पांढऱ्या शर्टवाल्यांनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेष घातलेला माणूस आला, छाती बडवली, गेला. जवळजवळ निम्म्यांना तो दिसलाच नाही. हातात फोन असला की आपण तेच चेंडू मोजत असतो.

जेफ कूपर नावाच्या अमेरिकन माजी सैनिकाने सावधपणाचे रंग सांगितलेत. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे एखादी गोष्ट खटकलीय, लाल म्हणजे आता हालचाल. मला पिवळा म्हटलं की आमचे पायलट, म्हणजे मोटरसायकलवरून भाडं मारणारे, आठवतात, आणि ते काही फक्त मोटरसायकलच्या पिवळ्या मडगार्डमुळे नाही. स्टँडवरचा पायलट गाडीवर रेलून गप्पा मारत असतो, पण कोणती बस आली, कोण उतरलं, कोण उगाच घुटमळतंय, सगळं त्याला माहीत. त्याच्या मानेला ताण नसतो. चोवीस तास घाबरून राहणं म्हणजे सावधपणा नव्हे, ते आजारपण.

आता भायल्यांचं. हे वाचून काहीजणांना राग येईल, येऊ दे. आमच्या दारात पावतीपुस्तक घेऊन आलेला एक गृहस्थ चांगला कोंकणी बोलत होता, देवळाच्या नावाने वर्गणी मागत होता. जत्रा कधी विचारलं तर तिथी चुकली. तेव्हा सोप्यावरून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "कोणालो रे तूं?" म्हणजे कोणाचा रे तू? त्याला घाम फुटला. त्याचं रूप, भाषा, सगळं आपल्यातलंच. फक्त तिथी तेवढी खोटी. आणि ज्यांच्या नावाने ग्रुपवर मेसेज फिरतात ते बहुतेक वेळा आमच्याच घरांना रंग द्यायला आलेले असतात.

गर्दीत तर माणसांपेक्षा जागा बघावी लागते. मे २०२५ मध्ये शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली. तेव्हापासून मी कुठेही गेले की दुसरं दार आधी शोधते. देवळाच्या मांडवात नाटकालासुद्धा. मुलगा वैतागतो, "आई, पडदा वर गेला, आता नाटक बघ." बघते रे बाबा, पण कडेच्या खुर्चीवरून.

आणि मदत मागायची वेळ आलीच तर नुसतं 'वाचवा' ओरडू नका. गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी जाईल. एकाकडे बोट दाखवून म्हणा, "अहो चष्मेवाले काका, ११२ ला फोन लावा." मग त्या काकांना पळता येत नाही.

काल संध्याकाळी लेकीचा पणजी स्टँडवरून फोन. "आई, निळ्या शर्टातला एक माणूस माझ्यासारख्याच दोन बस सोडतोय. मी कंट्रोलरच्या टेबलाशी येऊन उभी आहे." माझ्या पोटात गोळा. दहा मिनिटांनी परत फोन. त्याची बायको आली, कडेवर बाळ, हातात दोन पिशव्या. तिघे लेकीच्याच बसमध्ये चढले.

"मग?"

"मग काय, बाळाला धरून बसलेय. केस ओढतंय."