रब्बी नव्हता म्हणून बेने इस्रायली नावापुरते ज्यू?

‘रब्बी म्हणजे ज्यूंचा पुजारी. त्याच्यावाचून ना प्रार्थना होते ना लग्न. कोकणातल्या बेने इस्रायलींकडे शेकडो वर्षं रब्बीच नव्हता, म्हणून त्यांचा धर्म नावापुरता उरला. खुद्द इस्रायलनंही त्यांना नाकारलं.’ असा मजकूर सर्रास पुढे ढकलला जातो. आपल्याच मातीतल्या, मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजाबद्दल इतकं चुकीचं बोललं जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे, रब्बी पुजारी नव्हे. ज्यूंचे पुरोहित म्हणजे कोहेन, आणि त्यांचे यज्ञबळी इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच थांबले. रब्बी धर्मशास्त्र शिकतो, शिकवतो, अडलेल्या प्रश्नावर निर्णय देतो. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेनं दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ रब्बी जमले तरी दहावा माणूस लागतोच. प्रार्थना म्हणायला हजान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारा, असतो. लग्नाला केतुबा (लेखी विवाहकरार), अंगठी, दोन साक्षीदार आणि सात आशीर्वाद हवेत. ते म्हणणारा रब्बीच असावा असं बंधन नाही. पगारी रब्बीचं म्हणाल, तर बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या थोर ज्यू धर्मपंडितानं धर्मविद्येवर पोट भरण्याला कडाडून विरोध केला आणि स्वतः वैद्यकी केली.

आता कोकण. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. आठव्या दिवशी मुलाची सुंता आणि प्रत्येक प्रसंगी शेमा ही ‘देव एकच’ सांगणारी प्रार्थना, हे त्यांनी कधी सोडलं नाही. परंपरा सांगते की बाहेरून आलेल्या दाविद राहाबी या ज्यू विद्वानानं झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवणारे, केलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी, आणि ते होते कंपनी सरकारचे फौजी अधिकारी. पुढे कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू आणि प्रार्थनेची रीत पक्की केली. घरचा मलिदा हा विधी बघा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, ताटाभोवती मंडळी बसतात आणि एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, आळवणी हिब्रूत होते. याला नावापुरता धर्म कोण म्हणेल?

इस्रायलच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त घातक. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीमंडळानं विवाह-नोंदणीसाठी बेने इस्रायलींच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. एक मोठी शंका घटस्फोटाबद्दल होती. ‘गेट’, म्हणजे घटस्फोटपत्र, शास्त्रानुसार द्यायला जाणकार रब्बी खरोखरच लागतात. ते चुकलं तर बाईचं दुसरं लग्न आणि त्यातली मुलं यांच्यावर बालंट येतं. बेने इस्रायली गप्प बसले नाहीत. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि रब्बीमंडळाला सूचनांतून या समाजाचं नाव काढावं लागलं. मजकूर लिहिणाऱ्यानं कथा १९६२ वरच थांबवली आहे.

रब्बीची उणीव शोधणाऱ्यांनी कोकणातल्या सिनेगॉगांची आजची अडचण विचारावी. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. कित्येक ठिकाणी दहा पुरुष जमवायलाही सणावारी मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांची वाट पाहावी लागते.