चार वर्षांत यशस्वी इंजिनिअर कसं व्हावं

अभिनंदन! सीईटीचं पर्सेंटाइल बरं आलं, कॅपच्या शेवटच्या राउंडला का होईना कॉलेज मिळालं, आणि ब्रँच कोणती घ्यायची ते आतोबांनी ठरवलं. करिअरचा सगळ्यात मोठा निर्णय तुम्हाला न विचारता पार पडला. पुढचेही असेच पडतील, काळजी नसावी.

अभ्यासाचं फार मनावर घेऊ नका. पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नमध्ये सत्राच्या मध्यावर 30 मार्कांची इनसेम असायची, शेवटी 70 ची एंडसेम. पहिली दोन युनिटं इनसेमला, उरलेली चार एंडसेमला. म्हणजे एकदा परीक्षा झाली की ती दोन युनिटं डोक्यातून काढून टाकायला विद्यापीठाचीच परवानगी होती. रेफरन्स बुकं लायब्ररीत असतात आणि तिथेच शोभून दिसतात. अप्पा बळवंत चौकातून आपलं नेहमीचं पातळ पुस्तक आणा आणि आदल्या रात्री यूट्यूबवरचे सर दुप्पट वेगाने पळवा.

इंजिनिअरिंगचा खरा विषय म्हणजे सबमिशन: ड्रॉइंगच्या शीट्स आणि प्रयोगांच्या वह्या (जर्नलं) सही घेऊन जमा करणं. त्याला लेक्चर नसतं, पण टर्मवर्कच्या गुणांचा जीव त्यातच असतो. पहिल्याच वर्षी ड्रॉइंगसाठी जीटी शिकून घ्या. ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवा, खाली दिवा, काचेवर टॉपरची शीट आणि तिच्यावर तुमची कोरी. पेन्सिल हलकी चालवा. टायटल ब्लॉकमधलं टॉपरचं नाव मात्र गिरवू नका. दर वर्षी कोणी ना कोणी गिरवतंच. टॉपरने डॉटेड लाइन चुकीच्या जागी काढली असेल तर ती सगळ्या वर्गाच्या शीटवर नेमकी त्याच जागी उतरते आणि सगळ्यांवर सही होते. इंडस्ट्रीत याला स्टँडर्डायझेशन म्हणतात.

जर्नलचंही एक शास्त्र आहे. ग्राफ काढताना आधी रेषा मारावी, मग तिच्या आजूबाजूला ठिपके मांडावेत. सगळे ठिपके रेषेवर पाडलेत तर एक्स्टर्नलला (बाहेरून आलेल्या परीक्षकाला) संशय येतो. एखादा जरासा भरकटू द्या आणि खाली ‘ह्यूमन एरर’ असं लिहा. प्रयोग केला असता तरी यापेक्षा चांगली रीडिंग्ज आली नसती, कारण लॅबमधलं ते मशीन दोन बॅचेसपासून बंद आहे.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय लागत नाही, नाव लागतं, आणि त्या नावात ‘युजिंग मशीन लर्निंग’ एवढं असलं की झालं. चेहरा ओळखून हजेरी घेणारी सिस्टिम हा सदाबहार पर्याय. दर वर्षी किमान एक ग्रुप ती बनवतो (म्हणजे आणतो), आणि त्याच वर्गात सर अजून कागदावर हजेरी घेतात, प्रॉक्सीसकट. डेमोला काही चाललं नाही तर ‘सर, काल रात्री चालत होतं’ म्हणावं. हे वाक्य नीट पाठ करा, नोकरीत रोज लागेल.

आता प्लेसमेंट. चार वर्षं मेकॅनिकल केलेल्या पोराला इंटरव्ह्यूत दोन आगगाड्या एकमेकींना किती वेळात ओलांडतील ते विचारतात आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगला घेतात. तक्रार करू नका, टाय नीट बांधा. गेटवरच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो साडेतीन लाखांच्या पॅकेजसकट लागेल. घरी बाराने भागून महिन्याला 29 हजार सांगा, आईला बरं वाटेल. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि पाच वर्षं टिकलात तरच मिळणारी ग्रॅच्युइटीही धरलेली आहे, हे पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं तरी चालतं. त्याच दिवशी प्रोफेशनल टॅक्सचीही ओळख होईल: महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. सगळ्यात लहान महिन्याला सगळ्यात मोठी कात्री. (मुलींना 25 हजारांपर्यंत माफी आहे, तेवढाच दिलासा.)

अर्थात, हे जॉइनिंग झालं तर. 2022 च्या बॅचमधली कितीतरी मुलं ऑफर लेटर हातात घेऊन वर्षाहून जास्त काळ घरी बसली होती. तुमच्यावर ती वेळ आली तर नातेवाइकांना ‘ऑनबोर्डिंग चालू आहे’ असं सांगा. शब्द भारदस्त आहे, सहसा पुढचा प्रश्न येत नाही.

तरीही आला, तर सदाशिव पेठेत अभ्यासिका आहेत. टेबल लावा, मेस लावा आणि राज्यसेवेची तयारी सुरू करा. तिथली मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. गोल रंगवून भागत नाही, पानंच्या पानं हाताने लिहावी लागतात. बी.ए.वाली मुलं त्याने जरा धास्तावली आहेत. तुम्हाला कसली भीती? चार वर्षांच्या जर्नलांनी हात बसलेला आहे. फक्त यावेळी समोर टॉपरची वही नसेल.