घर कसंही असो, एलिव्हेशन पाहिजे

२०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली, असं असलं तरी गावात दरवर्षी दोन-चार बंगले उभे राहतातच. तुमचाही स्लॅब पडला असेल, छपाई आटोपत आली असेल, तर खरी परीक्षा आता आहे. फरशी, नळ, दारं, खिडक्या, रंग. इथे भलेभले लोक ऐनवेळी सोयीचा विचार करून बसतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून चार शब्द सांगतो.

आधी हे पक्कं करा की घर बांधायचं कोणासाठी. उत्तर सोपं आहे: वास्तुपूजनाच्या पंगतीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. ते दीड तास थांबतील, सगळ्या खोल्यांतून फिरतील, मोबाइलमध्ये फोटो काढतील आणि जातील. तुम्हाला तिथे चाळीस वर्षं राहायचं आहे, म्हणजे सवय करून घ्यायला तुमच्याकडे वेळच वेळ आहे.

एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा, फोटो पुण्याला शिकणाऱ्या पोराने पाठवलेला असतो. तो कोणत्या देशातला आहे हे विचारू नका. त्यात खिडकीवर सज्जा नसेल, तर मिस्त्रीला सज्जा पाडायला सांगा. पश्चिमेकडे छतापासून खालपर्यंत काच आणि बाजूच्या भिंतीला काळपट करडा रंग द्या. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो, तेव्हा ही भिंत रात्री अकरापर्यंत गरम राहते. थंडीत त्याचा उपयोग होईल.

खिडक्या सरकत्याच घ्या आणि घेताना कूलरचं नाव काढू नका. विदर्भातला माणूस मार्च ते जून कूलरसमोर काढतो, पण थ्रीडी चित्रात कूलर कधी पाहिलाय का? सरकती खिडकी अर्धीच उघडते आणि त्या अर्ध्यात कूलर बसत नाही. मग तो हॉलमध्ये लोखंडी स्टँडवर ठेवावा लागतो. आता कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, म्हणून थंडावा देतो. आत ठेवला की तीच ती दमट हवा फिरवतो. सगळं घर चिकचिक होतं. वर त्याचं पाणी फरशीवर ठिबकतं, आणि फरशी कोणती घ्यायची ते मी सांगणारच आहे.

फरशी घ्या चार बाय दोनची, पांढरीशुभ्र, आरशासारखी चकचकीत. कोटा, शहाबादी हे शब्द तोंडातूनसुद्धा काढू नका. ती म्हाताऱ्यांची फरशी, उन्हाळ्यात त्यावर नुसतं अंग टाकलं तरी झोप लागते. गुजरातच्या मोरबीचा टाइल्सचा माल एसी दुकानात पांढऱ्या उजेडात पाहा. दुकानदार म्हणेल, ‘भाऊ, हे मार्बल नोहे हे कोनाले समजूनच नाही राह्यलं.’ लगेच इसार द्या. टाइल्सला आर-९ ते आर-१३ असे घसरणीचे दर्जे असतात, आकडा मोठा तितका पाय पक्का. पण असलं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात चहा मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचे पाय घेऊन माणसं आत येतील, एखादा पाहुणा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कोपरा शोधेल. या फरशीवर दोन्ही गोष्टी लांबूनही स्पष्ट दिसतात, एवढं खरं.

हॉलचा विषय निघालाच आहे तर कापसाचंही बोलून घेऊ. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता, पण सीसीआयचा, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचा, नंबर लागेपर्यंत किंवा भाव चढेपर्यंत माल ठेवायचा कुठे? जुन्या घरात त्यासाठी माळा होता, कोठा होता. नकाशात तुम्ही त्या जागी ‘फॉयर’, म्हणजे दारातली शोभेची मोकळी जागा, काढलंय. त्यामुळे दिवाळीनंतर तो पांढरा ढीग हॉलमध्येच चढेल, टीव्ही युनिट गिळेल आणि पीओपीच्या छतातल्या निळ्या एलईडी पट्टीला टेकेल. घरभर खाज सुटेल. पट्टीचं बटण मात्र कापूस विकेपर्यंत बंद ठेवा. ही एवढी गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही.

न्हाणीघरात रेन शॉवर हवाच. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो. तुमची टाकी शॉवरच्या दोन-तीन मीटर वर, म्हणजे पाऊस नाही, नुसतं शिंतडणं. त्यात तुम्ही अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले असाल आणि बोअरवर भरवसा असेल, तर शॉवरची भोकं क्षाराने बुजतील आणि चकाकणाऱ्या नळांवर पांढरे थर चढतील. डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा खटका, भिंतीच्या आतच बसवा. गळू लागला की टाइल फोडावी लागते. त्यासाठी एक खोकं शिल्लक ठेवा असं मिस्त्री म्हणेल. ऐकू नका, खोकं परत करून पैसे घ्या. तीच छटा पुन्हा मिळत नाही, हे तुम्हाला यथावकाश कळेलच.

दारांचं काय करायचं? जुनं घर पाडताना निघालेले सागवानी खांब, तुळया, चौकटी जुन्या मालवाल्याला लॉटमध्ये देऊन टाका. आलापल्लीच्या जंगलातला, बल्लारपूरच्या डेपोतला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला. तो देवाला ठीक आहे. आपल्याला ‘टीक फिनिश’ हवं. आत लाकडाचा भुसा, वर सागाचं चित्र. पहिल्या पावसात दार फुगून बसेल आणि दुसऱ्या वर्षी उधई लागेल.

स्वयंपाकघराबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण पैसा तिथपर्यंत पोचत नाही. घरातल्या बायकांना विचारायचं राहून गेलं, तरी त्यांनाही त्याची सवय आहे.

शेवटी मागच्या आवारात टिनाचं एक शेड टाका. खाली उरलीसुरली कोटा, एका बाजूला चूल, भिंतीत कूलरच्या मापाची खिडकी, साधा पितळी नळ. घरातली सगळी हळूहळू तिथेच निजायला लागतील. बंगल्याला कुलूप लावा, सोफ्याचं प्लास्टिक काढू नका, आणि पोराची सोयरीक घेऊन पाहुणे आले की उघडून दाखवा. चपला बाहेर काढायला लावा. त्यांच्यातला एखादा म्हातारा शेडातल्या बाजा पाहून विचारेल, ‘मंग तुमी राह्यता कुठी?’

सांगा, ‘काकाजी, फर्निचरचं काम बाकी हाय अजून.’