‘तयार केले की पळून जातात’: एका कारखानदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अण्णा,

सहीत तुमचं नाव नाही, ‘अक्कलकोट रोड एमआयडीसीतला जुना कारखानदार’ एवढंच आहे, म्हणजे आपल्या सोलापुरातलेच. साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा अण्णाच म्हणते. प्रतिक्रिया लांब होती आणि तिखटही. दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितेय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हाताखालच्या माणसाने अडचण आणली की उत्तर देण्याआधी ‘तू काय करशील?’ असं विचारा आणि हळूहळू काही निर्णय पूर्णपणे त्याच्याकडे सोडा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. अण्णांचं म्हणणं, हे हिंजवडीचं शहाणपण आहे, टॉवेलच्या कारखान्यात चालत नाही. त्यांनी तीन जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे आणि मागांवर लक्ष ठेवणारे मिस्त्री, तयार केले. दोघे जास्त पगारावर गेले, तिसऱ्याने स्वतःचे चार माग टाकले आणि जाताना दोन विणकरही नेले. एकाला सुपरवायझर केलं, त्याने पंधरा दिवसांत हात टेकले. माल बिघडला तर भुर्दंड मालकाला, मग निर्णय दुसऱ्याने का घ्यायचा? आणि वर हे वाक्य: ‘माझे वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला होते, त्यांना कुणी लीडरशिप शिकवली नव्हती.’

भुर्दंडापासून सुरू करते. बाकी सगळं त्या एका भीतीतून आलंय असं मला वाटतं, आणि ती भीती खोटी नाही.

मी टॉवेलच्या फिनिशिंग-पॅकिंगला आहे. दुसऱ्या पाळीत चेकिंगला एक सुपरवायझर बाई आहेत. पूर्वी रात्री त्यांचा फोन ठरलेला: ‘ताई, नेव्ही डार्क आलाय, काय करू?’ म्हणजे डाइंगवरून आलेला लॉट मंजूर नमुन्यापेक्षा गडद. घरी बसून मला तो लॉट दिसत नाही, त्यांना दिसतो, आणि तरी उत्तर मी द्यायचं! एकदा विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, ‘लॉट सगळा सारखाच डार्क आहे ताई, आपापसात फरक नाही. वेगळ्या कार्टनमध्ये भरते, वर शेड-बी लिहिते. सकाळी मर्चंडायझरना एक पीस दाखवू.’ मी यापेक्षा वेगळं काहीच सांगणार नव्हते.

मग आम्ही दोघींनी बसून एक रेघ आखली. सकाळी परत फिरवता येईल तो निर्णय त्यांचा, फिरवता येणार नाही तो माझा. लॉट बाजूला ठेवणं, पॅकिंगचा क्रम बदलणं, शिलाईचं एक मशीन बंद करून दुसरीकडे माणूस लावणं, हे सगळं त्यांचं. लॉट परत डाइंगला पाठवणं माझं, कारण एकदा पाठवला की पाठवला. कंटेनरची तारीख हलवणं माझ्याही वरचं. या रेघेच्या आत त्यांचा निर्णय चुकला तर किती जाईल, हे आधीच माहीत असतं: थोडी मजुरी, काही कार्टन, फार तर एक पाळी. अण्णा, तुम्ही ‘निर्णय देणं’ म्हणजे तिजोरीची किल्ली देणं धरून चाललाय. तेवढं कुणी मागितलेलं नाही.

भुर्दंड आजही तुमच्याच डोक्यावर आहे, हेही बघा. पाइल, म्हणजे टॉवेलवरचे सुताचे फासे, नीट येत नाही हे विणकराला दिसतं, पण माग थांबवला तर बोलणी बसतील म्हणून तो जॉबरची वाट बघतो, जॉबर तुमच्या फोनची. तोवर माग चालू आणि सेकंडचा, म्हणजे दोष असलेला माल तयार.

तुम्ही मागावरचे आहात म्हणून एक गोष्ट सांगते. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा गृहस्थ आयुष्यभर मागच सुधारत बसला होता. १९२४ साली त्याने जो स्वयंचलित माग पुरा केला, त्यात सूत तुटलं की माग आपोआप थांबायचा. त्यामुळे प्रत्येक मागापाशी राखण करायला माणूस लागेना आणि एक कामगार पुष्कळ माग बघू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. पुढे त्याच घराण्याने टोयोटा हा मोटारींचा कारखाना काढला, आणि तिथे ती थांबण्याची मुभा यंत्रावरून माणसाकडे आली: दोष दिसला की लाइनवरच्या कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची. तुम्ही म्हणाल, मग सगळा गोंधळच. दोरी ओढली की आधी त्या गटाचा म्होरक्या धावत येतो. ठरलेल्या टप्प्याच्या आत अडचण सुटली तर लाइन थांबतच नाही. म्हणजे मोकळीकही आहे आणि पाठीशी माणूसही. हे हिंजवडीत जन्मलं नाही, मागाच्या शेडमध्ये जन्मलं.

आता पंधरा दिवसांत हात टेकलेला सुपरवायझर. तुम्हीच लिहिलंय, ‘किल्ल्या दिल्या, म्हटलं आता तू बघ.’ तिथेच गाडं अडलं असणार. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघांनी १९६९ मध्ये मांडलेली एक साधी पायरी आहे: नव्या माणसाला आधी सरळ सांगायचं, मग का ते समजावून सांगायचं, मग त्याच्याबरोबर बसून ठरवायचं, आणि शेवटी सोडून द्यायचं. आपण पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारायला लावतो. वर्षानुवर्षं ज्याला ‘हे कर, ते कर’ एवढंच ऐकू आलं, त्याला एका सोमवारी ‘बघ तुझं तू’ म्हटलं तर तो घाबरणारच. आणखी एक. हीच पायरी कामागणिक बदलते. तोच माणूस मागाच्या दुरुस्तीत चौथ्या पायरीवर असेल, पण दोन विणकरांचं भांडण मिटवण्यात पहिल्याच. तिथे तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहायला हवं होतं, निदान पहिल्या दोन भांडणांना.

‘आमच्या लोकांत ती कुवतच नाही’ असंही तुम्ही लिहिलंय, ते मात्र मला मान्य नाही. सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, जो पोरगा तुमच्या मीटिंगमध्ये खाली मान घालून बसतो, तोच नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात गर्दी आवरत असतो, गणपतीत मंडळाची वर्गणी आणि हिशोब सांभाळतो, लेझीमचा सराव घेतो. शिलाईवरच्या बायका बचतगटाची कर्जवसुली करतात, ती आपल्या अकाउंटवाल्यांना जमायची नाही. मीटिंग मराठीत होते, साहेब मराठीत झापतात, आणि ज्याच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात तो गप्प राहतो. गप्प माणसाला आपण मठ्ठ समजतो. विचारायचं तर मागापाशी जाऊन, त्याला सोपं जाईल त्या भाषेत विचारा. तुम्हाला तर तेलुगू येत असणार, मला मोडकंतोडकं येतं तरी भागतं.

पैशांवर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘शिकवायला वेळ कुणाला आहे?’ तीच ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मजुरी पीसवर असेल तर नव्या पोराला शिकवणाऱ्या विणकराचं त्या आठवड्याचं उत्पादन घटतं, म्हणजे शिकवण्याची फी तो स्वतःच्या खिशातून भरतो. मग तो का शिकवेल? शिकवण्याचे तास वेगळे धरा आणि त्या तासांना त्याच्या सरासरी कमाईचा दर द्या. सुपरवायझरचंही तसंच. जबाबदारी वाढवायची आणि पगार तोच ठेवायचा, याला माणूस घडवणं म्हणत नाहीत, त्याला फुकटात राबवणं म्हणतात. तुमचे दोन जॉबर जास्त पगारावर गेले असं तुम्हीच लिहिता, मग तो पगार तुमच्याकडे का नव्हता, हा प्रश्न मी विचारला तर राग मानू नका.

तिसऱ्याचं वेगळं आहे. त्याने चार माग टाकले. विणकर नेले हे वाईट झालं, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण अण्णा, तुमचे वडीलही दुसऱ्याच्या मागावरूनच उठले ना? सोलापुरात असे कितीतरी कारखाने उभे राहिले: आधी विणकर, मग दोन माग, मग शेड. वडिलांना लीडरशिप कुणी शिकवली नसेल, पण सूत कुठून घ्यायचं, उधारी कुणाला द्यायची, हे त्यांनी कुणाच्या तरी शेडमध्येच पाहिलं असेल. ज्याला पुढे जायचंच आहे त्याला तुम्ही अडवू शकत नाही. तो जाताना भांडून जातो की जॉबवर्क तुमच्याकडून घेऊन जातो, एवढंच तुमच्या हातात असतं. त्याच्या चार मागांना काम हवं असेल, तुम्हाला सीझनला जास्तीचे माग हवे असतील. एकदा फोन करून बघा.

बरोबरीच्या माणसांना कसं पुढे आणायचं, असंही कुणीतरी विचारलं होतं, ते इथेच उरकते. आमचे डाइंग इनचार्ज बायरसमोर बोलायला कचरायचे, मीच त्यांच्या वतीने बोलायचे. आता रंगाच्या शेडचा विषय आला की मी गप्प बसते आणि सगळे त्यांच्याकडे बघतात. हाताखालच्यांना वाढवायला अधिकार लागतो, बरोबरीच्यांना वाढवायला बऱ्याचदा आपलं तोंड बंद ठेवलं तरी पुरतं. मला ते जड जातं, माझ्या ओळखीचे लोक हसत असतील हे वाचून.

सुरुवात जुन्या जॉबरपासून करायची की डिप्लोमा झालेल्या नव्या मुलापासून, असं तुम्ही शेवटी विचारलंय. जॉबरपासून. त्याला डावलून मुलाला पुढे केलंत तर मागाची दुरुस्ती अचानक फार वेळ घ्यायला लागेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्याबरोबर बसून पाच निर्णय लिहा, जे तो तुम्हाला न विचारता घेईल. तुम्ही नाही, त्याला सांगू द्या कुठले पाच. कागद मागाच्या शेडमध्ये लावा, ऑफिसात नको. आणि तेलुगूत लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडची बरीच मंडळी घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठीतून झालीय. लिहा मराठीत, वाचून दाखवा तेलुगूत.