ग्राफिक्स कार्ड घेताय? खोकं बघून घ्या की!

भावा, पीसीत नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलंस ना? मग मॉनिटर कुठला, प्रोसेसर कुठला असल्या चौकशा कुणी करायला लागला तर तिथनं सरळ उठ. कार्ड पंख्यांवरून निवडायचं असतं. तीन पंखे म्हणजे नाद खुळा, दोन म्हणजे बरं, एक म्हणजे ऑफिसवाल्यांचं.

लांबीही मोजू नकोस. कार्ड 320 मिलिमीटर आणि कॅबिनेटात जागा 290 निघाली, तर हार्ड डिस्कचा पिंजरा कापायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडर काय कमी आहेत?

मेमरीचे फक्त जीबी मोजायचे. जीटी 730 कार्डात 4 जीबी, जीटीएक्स 1650 कार्डात पण 4 जीबी, म्हणजे दोन्ही सारखीच. पहिल्याची 64 बिटवाली डीडीआर3 मेमरी सेकंदाला 14 जीबी डेटा हलवते आणि दुसऱ्याची जीडीडीआर5 128 जीबी, हा तपशील अभ्यासू पोरांसाठी. आरटीएक्स 3050 सुद्धा असंच, 'कुठलं?' म्हणून विचारायचं नाही. 8 जीबीवाल्यात 2560 कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि 128 बिट बस (मेमरीकडची वाट), 6 जीबीवाल्यात 2304 कोअर आणि 96 बिट. नाव तेच ठेवलंय ते काय उगाच? (तसं 6 जीबीवालं 70 वॉटमध्ये चालतं, आणि बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पण असं शहाणपण खोक्यावर चमकत नाही.)

मदरबोर्ड जुना, म्हणजे कार्ड बसवायचा स्लॉट पीसीआयई 3.0 चा आहे? उत्तम. त्यावर आरएक्स 6500 एक्सटी कार्ड लाव. ते फक्त चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर सेकंदाला जेमतेम 4 जीबी डेटाची ये-जा होते. कार्डाची 4 जीबी मेमरी भरली की गेम टेक्श्चर (वस्तूंवरची चित्रं) आणायला रॅमकडे धावतो आणि चित्र अडखळतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडरच (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) नाही, म्हणजे स्ट्रीमिंगचा भार पुन्हा प्रोसेसरच्या डोक्यावर. आरटीएक्स 4060 आठ लेनवालं. त्याचं एवढं बिघडत नाही, म्हणून ते सुचवणारे लोक कंटाळवाणे असतात.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा. तो बदलायचा विचारही मनात आणू नकोस. कॅबिनेटबरोबर फुकटात आलाय, वर ठळक 450 वॉट छापलंय, अजून काय पाहिजे? स्टिकरवर 12 व्होल्टच्या खाली 18 अँपिअर असं बारीक लिहिलेलं असतं, ते वाचू नकोस. बारा गुणिले अठरा केलं की 216 वॉटच निघतात आणि उगाच मूड जातो. चांगल्या 550 वॉटच्या सप्लायवर तिथं 45 अँपिअरच्या आसपास आकडा असतो, पण तो सप्लाय आतच राहतो, पाहुण्यांना कुठं दिसतो? तू बिनधास्त 250 वॉटचं आरटीएक्स 5070 चढव. कार्डाला वीज द्यायची आठ पिनची केबल नसली तर मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या केबलचं) कन्व्हर्टर मिळतं. एका आठ पिनीतून 150 वॉट जायचे असतात. मोलेक्सच्या बारीक वायरीतून ते ओढले की कनेक्टर तापतो, मग वितळतो. त्याआधी बहुतेक एवढंच होईल, की गेममध्ये ऐन गोळीबारात स्क्रीन काळी होऊन पीसी रिस्टार्ट होईल. त्यावर रामबाण उपाय म्हणजे विंडोज फॉरमॅट मारणे. नाही थांबलं तर परत मारणे. पावसाळ्यात लाइट गेली तर 600 व्हीएचा यूपीएस आहेच. तो साधारण 360 वॉट देतो, म्हणजे गेम चालू असताना लाइट आणि पीसी दोन्ही एकदम जातील. वेळ वाचला!

प्रोसेसर जुना, चौथ्या जनरेशनचा आय5, रॅमची एकच 8 जीबीची कांडी, हे असंच राहू दे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 100 टक्के आणि कार्ड 40 टक्के दिसलं, म्हणजे कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय असं कळलं, तर टास्क मॅनेजर बंद कर.

2025 च्या जानेवारीत कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले की 5070 देईल महागड्या 4090 ची कामगिरी, तीही 549 डॉलरमध्ये. चारातल्या तीन फ्रेम (पडद्यावरची चित्रं) एआय बनवणार हेही गणितात होतंच, पण कान आपण अर्धेच उघडे ठेवायचे. तुझा मॉनिटर 60 हर्ट्झचा, त्यावर दोनशे एफपीएसमधल्या (सेकंदाला दोनशे फ्रेममधल्या) साठच दिसणार. बाकीच्या फ्रेम स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यात बघ आणि स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाक.

जुनं घ्यायचं असेल तर राजारामपुरीतल्या दुकानात बसून अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवून बघण्याचा अपमान विक्रेत्याचा करू नकोस. कार्डाची खरी ओळख सांगणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर तर उघडूच नकोस. जुन्या जीटीएस 450 कार्डाचा बायोस (कार्डाचं नाव-गाव सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून ते 1050 टीआय म्हणून विकलेलं असलं, तर जीपीयू-झेड नावापुढं सरळ 'फेक' लिहितं. एवढा फटकळपणा बरा नव्हे.

घरी आणलंस की जुना ड्रायव्हर तसाच ठेव, आणि एचडीएमआय केबल कार्डात नको, मदरबोर्डाच्याच पोर्टात खुपस, म्हणजे चित्र कार्डाला वगळूनच येईल. गेम पूर्वीसारखाच रडतखडत चालला की दुकानदाराला फोन लाव आणि म्हण, 'दादा, कार्ड डुप्लिकेट दिलंय तुम्ही.'